नाव फिकट, समजूत काळी: हंगेरीतल्या कुनशागचं रंग-प्रकरण

कुनशाग म्हणजे कुन लोकांचा मुलूख. हंगेरीच्या नकाशावर त्याचे दोन तुकडे दिसतात. तिसा नदीच्या पूर्वेला थोरला कुनशाग, त्यात कर्त्साग, किशुयसालाश, तुर्केवे ही गावं. डॅन्यूब आणि तिसा यांच्या मधल्या वाळवट पट्ट्यात धाकटा कुनशाग, त्यात किश्कुनहालाश, किश्कुनफेलेज्हाझा. कुन म्हणजे इतिहासातले कुमान, तुर्की भाषा बोलणारे घोडेस्वार पशुपालक. मंगोलांच्या रेट्यापुढे पळत आलेल्या या लोकांना राजा चौथा बेला याने १२३९ साली आसरा दिला. पुढे वितुष्ट येऊन ते निघून गेले. मंगोल स्वारी ओसरल्यावर मैदान उजाड पडलं होतं, तेव्हा राजाने त्यांना परत बोलावून तिथे वसवलं.

प्रश्न या लोकांच्या रंगाचा आहे, आणि त्याला दोन उलटी उत्तरं आधीपासून तयार आहेत. पहिलं नावातून येतं. रशियन लोक कुमानांना ‘पोलोव्त्सी’ म्हणत, जर्मन ‘फाल्बेन’ म्हणत. दोन्ही शब्दांचा संबंध वाळल्या गवतासारख्या फिकट पिवळ्या रंगाशी लावला जातो. आर्मेनियन वृत्तांतांतलं नावही फिकट रंगाचंच आहे. म्हणून कुमान भुऱ्या केसांचे असणार, असा एक तर्क. दुसरं उत्तर हंगेरीतल्या लोकसमजुतीतून येतं: कुन म्हणजे काळे केस, काळे डोळे, गालाची हाडं वर. दोन्ही मतांचे लोक पुराव्यासाठी आजच्या कुनशागमधल्या चेहऱ्यांकडे बोट दाखवतात. एकाला तिथे निळे डोळे दिसतात, दुसऱ्याला काळे. दोन्ही दिसतात हे खरंच आहे. त्यावरून तेराव्या शतकातल्या माणसांबद्दल काही ठरतं का, हे या प्रकरणात पाहायचं आहे.

रंगावरून पूर्वज ठरवण्याची ही सवय मराठी वाचकाला ओळखीची आहे. चित्पावनांच्या घाऱ्या डोळ्यांवरून किती लांबलांबच्या देशांशी नाती जोडली गेली, ते आपण जाणतोच. ‘घारा’ हा शब्द मात्र पुढे उपयोगी पडणार आहे. निळाही नाही आणि तपकिरीही नाही अशा मधल्या डोळ्यासाठी हा नेमका शब्द आहे.

गाव कुनांचं, माणसं कुठली?

चूक बहुतेक वेळा मोजणीच्याही आधी, गाव निवडतानाच होते. गावाच्या नावात ‘कुन’ आहे, म्हणून तिथले लोक कुमानांचे वंशज, असं धरलं जातं. धाकट्या कुनशागमधली बरीच गावं ऑटोमन तुर्कांशी झालेल्या १५९३ ते १६०६ च्या युद्धात आणि त्यानंतरच्या काळात उठली. किश्कुनफेलेज्हाझा पुन्हा वसलं ते १७४३ मध्ये, आणि वसवणारे लोक यासशागमधून, म्हणजे यास लोकांच्या मुलखातून आले. यास हे वेगळेच लोक. त्यांचे पूर्वज अलान, म्हणजे इराणी शाखेची भाषा बोलणारे. त्यांच्या भाषेतल्या शब्दांची १४२२ सालची एक छोटी यादी उपलब्ध आहे आणि तिचं नातं आजच्या कॉकेशसमधल्या ओसेटियन भाषेशी लागतं. थोरल्या कुनशागमधल्या कुनसेंतमार्तोनचीही तीच कथा. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ते यासशागमधल्या यासापातीहून आलेल्या लोकांनी पुन्हा उभं केलं. म्हणजे कुनसेंतमार्तोनमध्ये डोळे मोजून ‘कुनांचे डोळे’ असा तक्ता करणारा माणूस मोठ्या प्रमाणात यासांचे डोळे मोजत असतो. आणि त्या यासांमध्येही मधल्या तीन-चारशे वर्षांत हंगेरियन आणि स्लाव घरांतल्या मुली-मुलगे मिसळलेले असतात.

कर्त्सागची गोष्ट वेगळी आहे. तिथली वस्ती विस्कळली, हलली, पण तिचा धागा पूर्ण तुटला नाही. कुमान भाषेतली प्रभूची प्रार्थना हंगेरियन लोकांच्या तोंडी मोडक्यातोडक्या रूपात टिकली. ती भाषा थोडीफार जाणणारा शेवटचा माणूस म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं तो इश्तवान वारो हा कर्त्सागचाच, मृत्यू १७७०. तेव्हा कुमान वारसा शोधायचा असेल तर कर्त्सागपासून सुरुवात करावी, फेलेज्हाझापासून नाही.

या मुलखात एक सोय आहे, ती क्वचितच कुठे मिळते. १७०२ साली यास आणि कुन मुलूख ट्युटॉनिक ऑर्डर या जर्मन धर्मयोद्ध्यांच्या संघाला विकला गेला होता. १७४५ मध्ये रहिवाशांनी पैसे भरून आपलं स्वातंत्र्य परत विकत घेतलं. कुणी किती भरले त्यावर जमिनीचा वाटा ठरला, म्हणून पैसे भरणाऱ्यांची नावं दप्तरात आली. चर्चच्या बाप्तिस्मा नोंदी त्याला जोडल्या की घराणं अडीचशे वर्षं मागे नेता येतं. आजच्या माणसाला ‘तुमचे पूर्वज कोण’ असं विचारण्यापेक्षा हे दप्तर शंभर पटींनी भरवशाचं.

हंगेरीत इतरत्र हा घोळ याहून मोठा आहे. डॅन्यूबकाठच्या जर्मन वस्त्या अठराव्या शतकातल्या, बेकेशचाबा १७१८ मध्ये स्लोवाक शेतकऱ्यांनी वसवलेलं. दुसऱ्या महायुद्धानंतर तोल्ना भागातून जर्मनांना हाकललं, आणि त्यांच्या रिकाम्या घरांत बुकोविनाहून आलेले सेकेय हे हंगेरियन भाषिक लोक राहायला आले. तिथल्या एखाद्या गावाची १९३० ची आणि १९६० ची मोजणी शेजारी ठेवून ‘तीस वर्षांत डोळे गडद झाले’ असं म्हणणं म्हणजे भाडेकरू बदलल्यावर घरमालकाचं वजन वाढलं म्हणण्यासारखं आहे.

रोमा कुटुंबांचा मुद्दाही इथेच येतो. त्यांच्या पूर्वजांची वाट उत्तर भारतातून सुरू होते. आज हंगेरीतल्या बहुतेक रोमांची मायबोली हंगेरियन आहे. नमुन्यात त्यांना घेतलं की नाही यावर गावाची सरासरी हलते. घ्यावं की न घ्यावं हे प्रश्नावर ठरेल. काय केलं ते लिहून ठेवायला मात्र हवंच. जुन्या कागदांत ते बहुधा लिहिलेलं नसतं.

डोळ्याचा रंग बनतो कसा

निळ्या डोळ्यात निळं रंगद्रव्य नसतं. बुबुळाच्या रंगीत पडद्यात पुढच्या थरात मेलॅनिन हे गडद रंगद्रव्य कमी असलं की प्रकाश विखुरतो आणि निळा भाग आपल्याकडे परत येतो. मेलॅनिन भरपूर असेल तर डोळा तपकिरी. मधलं प्रमाण, त्यात बाहुलीभोवती तपकिरी कडं आणि बाहेर करडा-हिरवा पट्टा, म्हणजे घारा.

युरोपात या फरकाचा मोठा हिस्सा एकाच जागेवर ठरतो. पंधराव्या गुणसूत्रावर हर्क-टू जनुकाच्या आत एक बिंदू, म्हणजे डीएनएतली एका अक्षराची जागा आहे, आरएस १२९१३८३२. शेजारच्या ओसीए-टू या जनुकाला चालू-बंद करणारा तो खटका. तिथे डीएनएचं अक्षर ‘ए’ असेल तर ओसीए-टू जोमाने चालतं आणि मेलॅनिन बनतं. ‘जी’ असेल तर मंदावतं. आईकडची आणि वडिलांकडची अशा दोन्ही प्रती जी असल्या की डोळा बहुधा निळा किंवा करडा. एक ए आली की बहुधा तपकिरी किंवा घारा. हे ‘बहुधा’ महत्त्वाचं आहे, कारण आणखी काही जनुकं रंगाला इकडेतिकडे ढकलतात.

आयरिसप्लेक्स ही न्यायवैद्यकातली चाचणी असे सहा बिंदू वाचते आणि निळा, तपकिरी, मधला या तिघांची शक्यता देते. निळा आणि तपकिरी ती छान ओळखते. घाऱ्यावर अडखळते. हंगेरीसारख्या मधल्या देशात घारे डोळे भरपूर, म्हणून तिथे हीच चाचणी नेदरलँड्सपेक्षा जास्त वेळा कुंपणावर बसते.

केसांचं गणित याहून किचकट. एकच खटका नाही. एमसी१आर, केआयटीएलजी, टीवायआरपी१, आयआरएफ४ अशी बरीच जनुकं मिळून रंग ठरतो. २०१३ सालची हिरिसप्लेक्स चाचणी २४ बिंदू वाचते. तिचा अंदाज बरोबर येण्याचं सरासरी प्रमाण काळ्या केसांसाठी ८७.५ टक्के, तांबड्यासाठी ८०, तपकिरीसाठी ७८.५ आणि सोनेरीसाठी ६९.५. सोनेरीला सर्वांत कमी यश मिळतं त्यामागे वय हे मोठं कारण आहे. लहानपणी भुरे असलेले केस विशीपर्यंत तपकिरी होतात. जनुक तेच राहतं, डोकं बदलतं.

मोजताना काय बिघडतं

वयाचा हा मुद्दा जुन्या मोजण्यांना फार नडतो. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत रुडोल्फ फिर्खो यांनी सुमारे ६७ लाख शाळकरी मुलांचे केस, डोळे आणि त्वचेचा रंग नोंदवून घेतला. शाळेतली मोजणी सोपी, पण भुऱ्यांची संख्या त्यात फुगते. एका गावची शाळा आणि दुसऱ्या गावची वयस्क माणसं अशी तुलना कधीही करू नये. पंचविशीच्या पुढची माणसं घ्यावीत.

डोळ्यांसाठी मानवशास्त्रज्ञ मार्टिन यांची १६ काचेच्या डोळ्यांची पट्टी वापरात होती. त्यात १ म्हणजे सर्वांत गडद आणि १६ म्हणजे फिकट निळा. पुढे आलेल्या मार्टिन-शुल्त्स पट्टीत क्रम उलटा झाला: १ फिकट, १६ गडद. एका वहीत नुसतं ‘३’ लिहिलेलं असेल तर पहिल्या पट्टीत तो तपकिरी डोळा आणि दुसऱ्या पट्टीत निळा-करडा. दोन वह्या एकत्र करणाऱ्याने पट्टीचं नाव पाहिलं नाही तर गावाचा रंग उलटा होतो आणि तक्ता तरीही व्यवस्थित दिसतो. म्हणून आधी त्या वहीतले तांबडे किंवा अगदी फिकट केस असलेले लोक शोधावेत आणि त्यांच्या डोळ्यांचे आकडे कुठल्या टोकाला पडतात ते पाहावं. पट्टी कोणती, ते दहा मिनिटांत कळतं.

केसांची फिशर-झालर पट्टी ए (फिकट) ते वाय (गडद) अक्षरांची, तांबड्यासाठी वेगळे रोमन आकडे. भांडण होतं ते ओ आणि पी यांच्या सीमेवर. हंगेरियनमध्ये ‘सोके’ म्हणजे भुरा आणि ‘बर्ना’ म्हणजे तपकिरी, पण ‘गडद सोके’ आणि ‘फिकट बर्ना’ यांतली रेघ प्रत्येकाची वेगळी असते. सोके हा शब्द तसाही ऐसपैस आहे. गाळाने पिवळट दिसणाऱ्या तिसा नदीलाही तिथले लोक लाडाने ‘सोके तिसा’ म्हणतात. तेव्हा दोन मोजणाऱ्यांनी एकमेकांना न सांगता तीच पन्नास माणसं मोजावीत आणि किती जुळलं ते आधी तपासावं. मोजणाऱ्यांत जेवढा फरक येतो त्याहून लहान फरक गावांमध्ये दिसला तर त्यावर बोलू नये.

ही पट्टी हातात घेणाऱ्याला तिचा इतिहास माहीत असावा. ऑयगेन फिशर यांनी नाझी काळात वंशशुद्धीच्या धोरणाला विज्ञानाचं पाठबळ दिलं. १९४४ च्या उन्हाळ्यात हंगेरीतून चार लाखांहून अधिक ज्यूंना छळछावण्यांकडे पाठवलं गेलं, ते याच विचाराच्या सावलीत. म्हणून तक्त्यात ‘प्रकार’ लिहायचा नाही, दिसलेला रंग लिहायचा.

प्रत्यक्ष काम असं. माणसाला उत्तरेकडच्या खिडकीसमोर बसवावं, तोंडावर थेट ऊन नको. मोजणाऱ्याने हाताच्या अंतरावर, आपली सावली पडणार नाही असं थोडं बाजूला बसावं. दोन्ही डोळे वेगवेगळे नोंदवावेत. बाहुलीभोवतीचं कडं आणि बाहेरचा पट्टा यांची नोंद वेगळी. सोबत फोटो घ्यावा, चौकटीत प्रमाण करड्या रंगाचं कार्ड ठेवून, म्हणजे रंगाचा कल नंतर दुरुस्त करता येतो. म्हाताऱ्या माणसांत बुबुळाच्या कडेला पांढुरकं-निळसर वलय येतं. ते पारदर्शक पडद्यातल्या चरबीचं असतं, डोळ्याच्या रंगाचं नाही. घाईतल्या मोजणीत असा तपकिरी डोळा ‘घारा’ म्हणून जातो. काचबिंदूवर लॅटानोप्रोस्टसारखे थेंब घालणाऱ्यांचे डोळे गडद होऊ शकतात, म्हणून औषध विचारावं. रंगीत लेन्स तर विचारायचीच.

केस टाळूजवळचे पाहावेत, मुळापासून दोन-तीन सेंटिमीटर. टोकाचे केस उन्हाने विटलेले असतात, आणि हंगेरीच्या मैदानात वर्षाला सुमारे दोन हजार तास ऊन पडतं. शेतात राबणाऱ्या माणसाच्या केसाचं टोक आणि मूळ दोन वेगळ्या अक्षरांत बसतं. पिकलेले केस ‘फिकट’मध्ये घालू नयेत, ‘नोंद नाही’ लिहावं.

आकडे काय सांगतात

आता मुख्य हिशेब. पुढचे आकडे उदाहरणादाखल धरलेले आहेत, मोजलेले नाहीत. समजा आसपासच्या हंगेरियन गावांत जी प्रतीचं प्रमाण ०.६ आहे. दोन्ही प्रती जी असलेली माणसं ०.६ गुणिले ०.६, म्हणजे ३६ टक्के. हे साधारण निळे-करडे डोळे.

कर्त्सागमध्ये कुमान वारसा १० टक्के मानू आणि कुमानांत जी अजिबात नव्हता असं टोकाचं गृहीत धरू. जीचं प्रमाण ०.५४ वर येतं आणि निळे डोळे २९ टक्क्यांवर. फरक सात टक्क्यांचा. उलट कुमान इतर हंगेरियनांइतकेच फिकट होते असं धरलं तर फरक शून्य.

हे सात टक्के पकडायला किती माणसं लागतात? शंभर माणसांच्या नमुन्यात ३६ टक्क्यांचा अंदाज नुसत्या योगायोगाने नऊ-दहा टक्के इकडेतिकडे जातो. भरवशाने फरक दाखवायचा तर दोन्ही बाजूंना सुमारे ७३० माणसं लागतात, तीही एकमेकांची भावंडं-चुलत भावंडं नसलेली. लहान गावात एवढी मिळतच नाहीत.

आणि मिळाली तरी पेच सुटत नाही. उजाड गाव चाळीस कुटुंबांनी वसवलं असं समजू. ऐंशी मोठी माणसं, म्हणजे या बिंदूच्या १६० प्रती. मूळ प्रदेशात जीचं प्रमाण ०.६ असेल तर या ऐंशी जणांत नशिबाने ते ०.५२ ते ०.६८ मध्ये कुठेही पडू शकतं. वंशजांत निळे डोळे मग २७ टक्केही असू शकतात आणि ४६ टक्केही. कुणाच्याही वेगळ्या वंशाशिवाय, फक्त कोणती चाळीस घरं बैलगाडीत बसली यावर. कुमान वारशाच्या टोकाच्या गृहीतकातून सात टक्के निघाले होते. गाव वसण्याच्या योगायोगातून एकोणीस निघाले. पुढे पिढ्यानपिढ्या लग्नं गावातच झाली तर हा फरक टिकून राहतो. शेजारशेजारच्या दोन हंगेरियन गावांत डोळ्यांचा रंग उघड वेगळा दिसतो, त्याचं कारण बहुतेक वेळा इतकं साधं आहे. फिकट कुमान आणि काळे कुमान, दोन्ही गोष्टी आजच्या चेहऱ्यांवरून सिद्ध होत नाहीत आणि खोट्याही ठरत नाहीत.

खरं उत्तर हाडांत आहे. धाकट्या कुनशागजवळच्या चेंगेले इथल्या कुमान दफनभूमीतल्या ११ सांगाड्यांच्या मातृवंशाचा, म्हणजे फक्त आईकडून येणाऱ्या डीएनएचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एक पूर्व आशिया-सैबेरियाकडची शाखा होती, बाकी बहुतेक पश्चिम युरेशियातल्या. म्हणजे तेराव्या शतकात आलेले कुमान स्वतःच मिसळलेले. नवव्या शतकातल्या हंगेरियन टोळ्यांबद्दलही असंच चित्र आहे. २०२२ मध्ये हूण, अवार आणि हंगेरियन आगमनाच्या काळातल्या एकूण २६५ माणसांचे जिनोम, म्हणजे संपूर्ण डीएनए, प्रसिद्ध झाले. प्रत्येक काळात पूर्वेकडून आलेला एक गाभा दिसला, आणि दफन झालेल्यांपैकी बहुसंख्य लोक मात्र स्थानिक युरोपीय वारशाचे निघाले. मातृवंशावरून रंग कळत नाही. त्यासाठी हर्क-टूचा तो बिंदूच वाचावा लागतो.

वाचताना एक सापळा आहे. जुन्या डीएनएत सायटोसिन (अक्षर ‘सी’) झिजून थायमिनसारखं (‘टी’) वाचलं जातं. समोरच्या धाग्यावर हीच झीज झाली की जी हा ए म्हणून दिसतो. म्हणजे झीज या बिंदूला नेमकी तपकिरीकडे ढकलते, आणि ‘काळे डोळे’ या समजुतीला फुकटचा पुरावा मिळतो. झिजलेला भाग आधी विकराने काढून टाकावा, किंवा तुकड्यांच्या टोकांवरची वाचनं बाद करावीत. दुसरं, वाचनं पुरेशी हवीत. ए आणि जी दोन्ही असलेल्या माणसाचा बिंदू दोनदाच वाचला तर निम्म्या वेळा तो एकाच प्रकारचा भासतो. पाच वाचनांवर ही चूक सोळात एक उरते.

नमुना आतल्या कानाभोवतीच्या कवटीच्या टणक हाडातून घ्यावा, तिथे डीएनए सर्वांत चांगला टिकतो. हिरिसप्लेक्सला ताज्या डीएनएचे ६३ पिकोग्रॅमही पुरतात, पण सातशे वर्षांच्या हाडातला डीएनए तुटका असतो, म्हणून संपूर्ण जिनोम वाचून त्यातून हे २४ बिंदू उचलणं बरं. चेंगेलेच्या हाडांसोबत कर्त्सागच्या १७४५ च्या यादीतल्या घराण्यांचे आजचे वंशज आणि फेलेज्हाझाचे यासवंशीय वंशज, असे तीन गट शेजारी ठेवावेत. तिन्हींची चाचणी एकाच प्रयोगशाळेत, एकाच पद्धतीने व्हावी, आणि नळ्यांवर गावाचं नाव नसावं, फक्त क्रमांक.